मिक्सर कुठला घ्यावा, हे सांगणार कोण?

चारचाकी घ्यायची म्हटलं की सल्ला द्यायला पारावर दहा जण बसलेलेच असतात. मोबाइलचं तर बोलायलाच नको. तो दुकानात यायच्या आधीच कोणीतरी त्याचे स्क्रू काढून आतलं सगळं दाखवून मोकळा झालेला असतो. पण सहाशे रुपयांचा पाणी तापवायचा रॉड, आठशेची इस्त्री, दोन हजारांचा मिक्सर, सव्वादोन हजारांची इंडक्शन शेगडी, यांच्याबद्दल नीट पारखून खरं सांगणारा माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही. कारण उघड आहे. दोन हजारांची वस्तू महिना-दोन महिने वापरून तपासायची तर तपासणीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट होतो आणि तो द्यायला कोणी पुढे येत नाही. परिणामी ज्या वस्तू सगळ्यात जास्त घरांत जातात, त्यांच्याबद्दलच खरी माहिती सगळ्यात कमी मिळते.

ही उणीव परंड्यासारख्या गावात जास्त जाणवते. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाभोवती वाढलेलं हे धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. रेल्वे गाठायची तर कुर्डुवाडी, मोठी पेठ बार्शीला, कोर्टकचेरीचं मोठं काम निघालं तर धाराशिव. घरातली वस्तू घ्यायला इथे तीन वाटा आहेत: गावातलं दुकान, बार्शीची पेठ आणि हातातला मोबाइल. तिसरी वाट गेल्या काही वर्षांत फार रुंद झाली. दुचाकीला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून पार्सलं वाटणारी पोरं आता वाड्यावस्त्यांवरही दिसतात.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या हिशेबाने दोन हजारांचा मिक्सर म्हणजे जवळपास साडेसहा दिवसांचं अंगमेहनतीचं काम. पुण्या-मुंबईत असा मिक्सर बिघडला तर माणूस चरफडतो आणि दुसरा मागवतो. इथे तो बिघडला तर पाटा-वरवंटा पुन्हा अंगणात येतो आणि वाटायचं काम पुन्हा बाईच्या खांद्यावर पडतं. म्हणून ‘स्वस्त वस्तूत काय बघायचं’ हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. ज्याच्याकडे चूक निभावून न्यायला पैसे नाहीत, त्याला खऱ्या माहितीची गरज सगळ्यात जास्त असते.

बचत गटात शेंगदाण्याची चटणी आणि येसर मसाला करून विकणाऱ्या एका ताईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर मिक्सर होता, खाली ४.२ तारे आणि हजारोंच्या घरातली परीक्षणं. त्या म्हणाल्या, “एवढ्या माणसांनी चांगला म्हणलंय. पर ह्यातला एक तरी आपल्याकडचा हाय का?”

या विषयावर मी जे काही वाचलं, विचारलं, त्यात इतका नेमका प्रश्न दुसरा कोणी विचारला नाही.

ताऱ्यांच्या आत काय असतं

आधी त्या ताऱ्यांकडे बघू. ताईंनी दाखवलेल्या पानावरची परीक्षणं आम्ही सोबत वाचत गेलो. ‘पॅकिंग छान’, ‘कलर मस्त’, ‘वेळेआधी मिळाला’, ‘मम्मीला आवडला’. यातली बहुतेक पार्सल फोडल्यापासून आठवड्याभरात लिहिलेली. लिहिणारा खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं कळलं तेवढं त्याने लिहिलं. पण आठ दिवस वापरलेल्या मिक्सरबद्दल कळण्यासारखं असतं तरी काय? मोटर जळते ती दुसऱ्या उन्हाळ्यात, मसाल्याच्या हंगामात. तोवर त्या पानावर परत येऊन कोण लिहितो? शिवाय लिहायला येतात ते फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. ज्यांचा मिक्सर बरा चालला, थोडा आवाज करतो पण निभतो, ते गप्प राहतात, आणि खरेदीदाराला हवी असते ती त्यांचीच साक्ष.

ही झाली प्रामाणिक परीक्षणांची मर्यादा. विकतची परीक्षणं वेगळीच. कॅलिफोर्नियातल्या तीन संशोधकांनी २०२२ साली हा बाजार उघडून दाखवला. विक्रेते फेसबुकच्या बंद गटांमध्ये लोक गोळा करतात. तुम्ही वस्तू स्वतःच्या पैशाने मागवायची, पाच तारे द्यायचे, त्याचा फोटो पाठवायचा की पैसे परत. वस्तू फुकट, आणि खरेदी खरोखरच झालेली असल्यामुळे ‘खात्रीशीर खरेदी’चा शिक्काही बसतो. सुमारे दीड हजार वस्तूंचा माग काढल्यावर दिसलं की तारे आणि विक्री काही आठवडे चढते, आणि विकतची भरती थांबली की एक-तारा परीक्षणांचा ओघ सुरू होतो. मधल्या काळात फसलेल्या गिऱ्हाइकांचे हे तारे. त्याच वर्षी जुलैत अमेझॉनने असे दहा हजारांहून अधिक गट चालवणाऱ्यांवर खटला भरला.

याहून चलाख एक प्रकार आहे. चांगल्या चाललेल्या जुन्या मालाच्या पानावरच नवा माल चढवायचा. जुन्याने कमावलेले तारे आयते नव्याच्या पदरात पडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘बाउंटिफुल’ या पूरक आहार विकणाऱ्या कंपनीला यासाठी सहा लाख डॉलर भरायला लावले. पुढे ऑक्टोबर २०२४ पासून तिथे खोटी परीक्षणं विकत घेणं-विकणं यावर थेट बंदीचा नियमच लागू झाला.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक काढलं. परीक्षण लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी, नको असलेली परीक्षणं दाबू नयेत, पैसे देऊन लिहून घेतलेली छापू नयेत, सगळं त्यात नीट मांडलं आहे. पण ते ऐच्छिक ठेवलं. पाळलं तर उत्तम, नाही पाळलं तरी कोणी विचारणार नाही. एवढी मेहनत घेऊन तयार केलेल्या मानकाला दात दिले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही मोबाइलवरची परीक्षणं अगदी टाकाऊ नाहीत. वाचायची रीत बदलावी लागते. आधी सगळ्यात नवी परीक्षणं वर आणावीत, म्हणजे सध्या कसा माल येतोय ते कळतं. मग तीन तारे देणाऱ्यांकडे जावं, कारण ते गुण-दोष दोन्ही सांगतात. वापरून झिजलेल्या वस्तूचे फोटो बघावेत. मिक्सरच्या पानावर मधेच कोणी पाण्याच्या बाटलीचं कौतुक करत असेल तर ते पान सोडून द्यावं. आणि एकाच दिवशी, एकाच धाटणीची पाच-पाच ताऱ्यांची रांग दिसली तर तिची बेरीज मनातून वजा करावी.

व्हिडिओंचं थोडं वेगळं आहे. ‘दोन हजारांत सर्वोत्तम पाच मिक्सर’ सांगणारा बहुधा खाली दुवा देतो आणि त्या दुव्यावरून खरेदी झाली की त्याला दलाली मिळते. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा संबंध उघड सांगणं बंधनकारक आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो माणूस खोटाच बोलतो असं मी म्हणणार नाही. मात्र पाचही मिक्सर नापसंत केले तर त्याच्या हाती त्या दिवशी काहीच लागत नाही, हे ध्यानात ठेवून त्याचं बोलणं ऐकावं.

मिक्सरचं पोट फाडल्यावर

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते दुरुस्तीच्या दुकानात. पत्र्याचं छोटं दुकान. भिंतीला टांगलेले पंखे, कोपऱ्यात कुलरचे पंप, टेबलावर पोट फाडलेले मिक्सर. दुरुस्ती करणारे मामा या धंद्यात मुरलेले. मी ताऱ्यांचं सांगितलं तर ते म्हणाले, “आमच्याकडं पाच तारे घेऊन कुनी येत न्हाई. जळलेलंच येतंय.”

त्यांनी एक आर्मेचर हातात दिलं. वायंडिंगची तार तांब्याच्या रंगाची, तकतकीत. मग पात्याच्या टोकाने एका तारेवरचा मुलामा खरवडला. आतून पांढरा, चांदीसारखा धातू निघाला. अॅल्युमिनियम. शेजारच्या दुसऱ्या आर्मेचरची तार तशीच खरवडली, ती आतूनही लालसर. ते तांबं. अॅल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही. तेवढ्याच जाडीची अॅल्युमिनियमची तार जास्त तापते, आणि जोडाच्या ठिकाणी लवकर दगा देते. बाहेरून दोन्ही मिक्सर सारखे, दोन्हींवर ७५० वॅट लिहिलेलं. ही गोष्ट हजारो परीक्षणांतल्या एकाही माणसाला कळण्यासारखी नव्हती, कारण कोणीच तो उघडला नव्हता.

मग त्यांनी कपलर दाखवला, मोटर आणि भांडं यांना जोडणारा काळा दातेरी तुकडा. तो मुद्दाम मऊ ठेवतात. भांड्यात काही अडकलं तर आधी त्याने झिजावं आणि मोटर वाचावी, ही त्याची योजना. किंमत मोजक्या रुपयांची. पण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. नेहमीच्या कंपन्यांचे कपलर परंड्यात नाही तर बार्शीत मिळतात. मोबाइलवरून आलेल्या अनोळखी नावाच्या मिक्सरचा मिळत नाही. “मोटर ठणठणीत, भांडी नवी, आन् कपलरपायी भंगारात,” मामा म्हणाले, आणि टेबलाखालचे तसले मिक्सर पायाने पुढे सरकवून दाखवले.

मी विचारलं, घ्यायच्या आधी तुम्हाला कोणी विचारतं का? ते म्हणाले, क्वचित. घेऊन झाल्यावर, बिघडल्यावर येतात.

मला वाटतं, गावोगावच्या या दुकानांत स्वस्त उपकरणांबद्दलचं सगळ्यात खरं ज्ञान पडून आहे. कुठल्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट चिकटतो, कुठल्या कुलरचा पंप एक हंगाम काढत नाही, कुठल्या मिक्सरच्या भांड्याचा बुश गळून मसाल्याचं पाणी मोटरमध्ये उतरतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. विक्रीत त्यांचा वाटा नसतो. उलट टिकाऊ वस्तू सुचवली तर त्यांचंच एक गिऱ्हाईक कमी होतं. तरीही विचारलं की ते सांगतात. त्यांची एक मर्यादा मात्र सांगायला हवी: त्यांच्यापुढे फक्त बिघडलेला माल येतो. ज्या कंपनीचे मिक्सर गावात जास्त खपले, तेच दुरुस्तीलाही जास्त येणार. म्हणून ‘कुठला वाईट?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘तुमच्या घरी कुठला आहे, किती वर्षं चालला, आणि त्याचे भाग कुठे मिळतात?’ असं विचारावं.

दुरुस्तीचा मुद्दा या वस्तूच्या जन्मापासूनच तिला चिकटलेला आहे. साठच्या दशकात मुंबईत सिमेन्समध्ये अभियंता असलेल्या एस. पी. माथुर यांच्या घरी ब्राउनचा परदेशी मिक्सर होता. आपल्या वाटणाने त्याची मोटर गेली आणि ती इथे दुरुस्त होईना. मग त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी ताकदीची मोटर घेऊन नवा मिक्सरच बनवला, तो ‘सुमीत’. परदेशी यंत्र वाईट नव्हतं. ते फळांच्या रसासाठी आणि पिठाच्या घोळासाठी केलेलं होतं. खोबरं, सुक्या मिरच्या, भिजवलेली डाळ हे त्याच्या बनवणाऱ्याच्या गावीही नव्हतं. आजच्या परीक्षणांचंही तेच आहे. मिल्कशेक करणाऱ्याने दिलेले पाच तारे येसर कुटणाऱ्या घराच्या काय कामाचे?

परंड्याची वीज, परंड्याचं पाणी

ताईंच्या ‘आपल्याकडचा’ या शब्दात विजेचा आणि पाण्याचाही हिशेब येतो. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट धरून ही यंत्रं बनतात. गावाच्या टोकाला, रोहित्रापासून लांबच्या घरात, शेतीपंप चालू असताना तो बराच खाली येतो. समजा १८० व्होल्टवर आला. मिक्सर चालतो, पण मंद. मोटर गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असल्यामुळे तोही मंदावतो. वाटायला वेळ जास्त, वारा कमी, आणि भांड्यातलं जाड वाटण तेवढंच. मोटर तापते ती अशी. शहरातल्या परीक्षणात ‘गरम होत नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याच्या घरात ते खरंही असतं.

पाणी तापवायच्या रॉडचा हिशेब तर कागदावर मांडता येतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून २३० व्होल्टला १५०० वॅट देणारा रॉड १८० व्होल्टला साधारण ९२० वॅटच देतो. वीस अंशांचं पंधरा लिटर पाणी पंचेचाळीस अंशांवर न्यायला पहिल्या स्थितीत सतरा-अठरा मिनिटं लागतात, दुसऱ्या स्थितीत अठ्ठावीस-एकोणतीस. वीज जवळपास तेवढीच जळते, पण सकाळी शाळेच्या घाईत दहा मिनिटं जास्त जातात आणि तेवढा वेळ उघडा रॉड बादलीत राहतो. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी. रॉडवर पांढरा थर चढतो, थराखाली नळी जास्त तापते आणि एक दिवस तडकते. नळी तडकली आणि घराला अर्थिंग नसेल तर बादलीतल्या पाण्यात वीज उतरते. इथे वस्तूची परीक्षा पैशावर थांबत नाही, जिवावर जाते. रॉड असो की पत्र्याचा कुलर, तीन पिनांची वायर आणि खरोखर जमिनीत गाडलेलं अर्थिंग यांची चौकशी ताऱ्यांच्या आधी करावी. आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

नाव, पत्ता आणि खूण

परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मुलुखमैदान तोफ होती. १५४९ साली ती अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ साली परंड्याहून विजापूरला नेली. तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव आजही वाचता येतं: महंमद बिन हसन रूमी. पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपल्या कामाखाली नाव घातलं. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक रॉडवर आणि एक्स्टेन्शन बोर्डांवर ते कोणी बनवले हेच लिहिलेलं नसतं. कायद्याने वेष्टनावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा. पत्ता नसलेला खोका हातात आला तर तारे बघायचं कारणच नाही, तो परत ठेवावा.

त्यानंतर आयएसआय खूण. पाणी तापवायचे रॉड, गिझर, इस्त्री, विजेच्या शेगड्या यांना ही खूण २००३ च्या आदेशाने सक्तीची आहे. पण नुसतं चिन्ह कोणीही छापतो. खऱ्या खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, रॉडसाठी आयएस ३६८, मिक्सरसाठी आयएस ४२५०. खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ हे ब्युरोचं अॅप उतरवून तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कारखाना कुठला, मुदत संपली की चालू, सगळं समोर येतं. मिक्सर बघायला गेलो तेव्हा ताईंनी ते दुकानातच करून पाहिलं. इंग्रजी वाचायला थोडं अडलं, पण खोक्यावरचं कंपनीचं नाव आणि पडद्यावरचं नाव जुळतं का एवढं बघायला कोणाची मदत लागली नाही. हे प्रत्येकाने करावं असं मला फार वाटतं. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मोठ्या दुकानदारावर विसंबून हे टाळू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अमेझॉनला आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी एक लाखाचा दंड केला. मानकाची सक्ती न पाळणारे प्रेशर कुकर त्यांच्या मंचावर विकले गेले होते: अमेझॉनवर २,२६५, फ्लिपकार्टवर ५९८. प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवून कुकर परत घ्या आणि पैसे द्या, असा आदेश निघाला. कुकरची सुरक्षा झडप वेळेवर उडते की नाही हे कोणी घरी तपासत नाही, तपासूही नये. ते काम प्रयोगशाळेचं. मार्च २०२५ मध्ये दिल्लीतल्या अमेझॉनच्या गोदामावर ब्युरोने छापा घातला तेव्हा खूण नसलेल्या किंवा खोटी खूण असलेल्या साडेतीन हजारांहून जास्त वस्तू सापडल्या. त्यांत गिझर होते, मिक्सरही होते. किंमत सुमारे सत्तर लाख.

आयएसआय खूण मुख्यतः सुरक्षेची ग्वाही देते. मिक्सर किती वर्षं येसर कुटेल ते ती सांगत नाही. तिथे पुन्हा मामांकडेच जावं लागतं, किंवा दुकानदाराकडे.

दुकानदाराबद्दल लोक जरा जास्तच संशय घेतात. त्याला नफा हवा असतो, कंपनीची स्कीमही चालू असते, हे खरं. पण त्याला त्याच गावात राहायचं असतं. ताईंसोबत ज्या दुकानात गेलो तिथल्या मालकांनी आधी विचारलं, “काकू, घरासाठी का गटासाठी?” गटासाठी म्हटल्यावर त्यांनी समोर काढलेला मिक्सर परत फळीवर ठेवला. म्हणाले, “मग ह्यो नका घेऊ. घरगुती मोटर हाय. रोज पाच-सात किलो शेंगदाणे टाकले तर दिवाळी काढायची न्हाई, आन् वॉरंटीच्या कागदावर धंद्याचा वापर चालत न्हाई म्हणून लिहिलंय.” तळाची पट्टी उलटी करून त्यांनी किती मिनिटं सलग चालवायचं आणि मधे किती थांबायचं तेही वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यांची विक्री झाली नाही. जड मोटरचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, ते बार्शीला मिळेल म्हणाले. इतकं खरं परीक्षण आम्हाला मोबाइलवर एकही सापडलं नव्हतं.

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, असं तिथेच कोणीतरी म्हणालं. ते अर्धंच खरं आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात ‘व्यापारी हेतू’तून वगळलेली आहे, शिलाई मशीन घेऊन कपडे शिवणारी बाई ग्राहकच असते. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे परंड्याच्या माणसाला धाराशिव पुरे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ वर फोन करावा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पण या सगळ्याला पावती लागते. ‘बिल नको, शंभर कमी द्या’ हा सौदा स्वस्त वस्तूत सगळ्यात महाग पडतो.

तपासणारी घरं

वस्तू तपासून लोकांना सांगणं हे काम महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईत १९६६ साली नऊ बायकांनी मिळून ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’ काढली, वस्तूंच्या चाचण्या केल्या, ‘कीमत’ नावाचं मासिक चालवलं. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने घरांचे संघ बांधून एकत्र खरेदी सुरू केली, तिथे नमुने पारखणाऱ्या कार्यकर्त्या गृहिणीच होत्या. पुढे अहमदाबादच्या ‘सीईआरसी’ने स्वतःची प्रयोगशाळा काढली, दिल्लीच्या ‘व्हॉइस’ने तुलनात्मक चाचण्या छापल्या. अमेरिकेत १९३६ पासून ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हेच करतं: वस्तू दुकानातून पैसे देऊन विकत घ्यायची, जाहिरात एकही घ्यायची नाही. पश्चिम जर्मनीने १९६४ साली सरकारी पैशातून पण सरकारच्या हाताबाहेर अशी संस्था उभारली, ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’, आणि तिचा शेरा आजही तिथल्या दुकानांत खोक्यावर छापलेला दिसतो.

आपल्या संस्थांनी निष्ठेने काम केलं. पण त्यांचे निष्कर्ष बहुधा इंग्रजीत, शहरांत आणि २३० व्होल्टवर राहिले. दोन हजारांच्या मिक्सरची १८० व्होल्टवरची चाचणी मराठीत छापलेली मला हवी आहे आणि ती अशक्य नाही. तालुक्यातालुक्यांत शासकीय आयटीआय आहेत, तिथे वीजतंत्रीचा वर्ग चालतो, आणि पोरांना मोटर, वायंडिंग, इन्सुलेशन यांचंच शिक्षण मिळतं. दरवर्षी उन्हाळी मसाल्याच्या आधी पाच मिक्सर, हिवाळ्याआधी पाच रॉड, एप्रिलआधी पाच कुलर-पंप बाजारातून पावती घेऊन आणावेत. खर्च फार तर पंचवीस-तीस हजार. ग्रामपंचायत, नगरपरिषद, बचत गटांचा संघ, कोणीही तो उचलू शकतो. प्रत्येक यंत्र पोरांनी उघडावं, तार तांब्याची की अॅल्युमिनियमची ते लिहावं, मेगरने इन्सुलेशन मोजावं, ठरावीक वजनाचे शेंगदाणे आणि मिरच्या २३० आणि १८० अशा दोन्ही दाबांवर वाटून मोटर किती तापली ते नोंदवावं, कपलर आणि मोटरचे कार्बन ब्रश कुठे, कितीला मिळतात ते विचारून यावं. मामांसारख्या कारागिराला मानधन देऊन दोन दिवस बसवावं. निकाल एका कागदावर, मराठीत, बाजारच्या दिवशी आणि गटांच्या बैठकीत वाटावा. ज्या कंपनीला निकाल पटणार नाही तिला त्याच वर्गात येऊन आपला मिक्सर पुन्हा तपासून घ्यायची मुभा ठेवावी.

ताईंना हे सांगितलं तर त्यांनी एकच शंका काढली: चाचणीला शेंगदाणे कोण देणार? मग स्वतःच म्हणाल्या की ते गट देईल, आणि वाटून झालेली चटणीही गटच विकेल. राहिला १८० व्होल्टचा प्रश्न, तर कमी दाब हवा तसा धरून ठेवणारा डिमरस्टॅट वीजतंत्रीच्या वर्गात शिकवायलाच लागतो.